घर घेतलं आणि तळघरात तेलाची टाकी निघाली: कनेक्टिकटमध्ये तेलवाला कसा निवडायचा

हार्टफर्डजवळ घर घेताना आम्ही शाळा पाहिली, छप्पर पाहिलं, देवघर ईशान्येला बसेल का तेही सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवरून पाहून घेतलं. तळघराच्या कोपऱ्यातली काळी लोखंडी टाकी मात्र कुणी नीट पाहिली नाही. आधीची सात वर्षं अपार्टमेंटमध्ये गेलेली. तिथे थर्मोस्टॅटचा आकडा वाढवला की घर तापायचं आणि गॅसचं बिल महिन्याच्या महिन्याला यायचं. नव्या घराच्या रस्त्यावर गॅसची लाइनच नव्हती. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या या राज्यांच्या, जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. घर तापवणारा बॉयलर तेलावर चालतो, तेल ट्रकने येतं, आणि ते कोणाकडून, कधी, किती घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्यात स्वस्त तेलवाला शोधून काढला आणि जानेवारीत घरच्यांना दोन-दोन स्वेटर घालून झोपवलं. आता सहावा हिवाळा आहे. ओळखीत कुणी घर घेतलं आणि तळघरात टाकी निघाली की फोन मला येतो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. नियम आणि आकडे कनेक्टिकटचे आहेत, पण पद्धत मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड किंवा न्यूयॉर्क राज्यातही साधारण अशीच.

फोन फिरवण्याआधी हाताशी ठेवा

- टाकीचा, तिच्यावरच्या काट्याचा आणि घराबाहेरच्या दोन पाइपांचा फोटो
- आधीच्या मालकाची तेलाची बिलं (घराचे कागद होताना मागून घ्या, नंतर मिळत नाहीत)
- बॉयलरवर लटकवलेलं सर्व्हिसचं कार्ड. शेवटचा ट्यून-अप (बॉयलरची वार्षिक साफसफाई आणि तपासणी) कधी झाला ते त्यावर असतं
- टॉर्च, वही आणि एक लांब लाकडी पट्टी

१. आधी टाकी समजून घ्या

बहुतेक घरांत २७५ गॅलनची टाकी असते. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, म्हणजे टाकीत हजारावर लिटर मावायला हवं. पण वर हवेला जागा सोडावी लागते, त्यामुळे २५० गॅलनच्या पुढे सहसा कुणी भरत नाही. वर एक छोटी काचेची नळी असते आणि तिच्यात एक लाल खूण तरंगत असते. तोच काटा. तो अर्ध्यावर असेल तर टाकीत १३५-एक गॅलन आहे, पावावर असेल तर ६५ ते ७०. हा हिशेब पाठ करा, पुढे बिल तपासताना लागतो.

काटा अडकतो. आमचा तीन अष्टमांशावर अडकला होता आणि मी पंधरा दिवस खूश होतो की नव्या खिडक्यांमुळे तेल कमी जळतंय! नळीवर बोटाने टिचकी मारून पाहा. लाल खूण हलली तर काटा जिवंत आहे. शंका आली तर वरचं एखादं बूच उघडून लाकडी पट्टी बुडवून पाहायची. गावाकडे विहिरीचं पाणी असंच मोजायचे.

टाकी घराबाहेर असेल तर तेलवाल्याला ते पहिल्याच वाक्यात सांगा. साधं हीटिंग ऑइल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊ लागतं आणि नळीत अडकतं, म्हणून बाहेरच्या टाकीत रॉकेल मिसळून देतात. रॉकेलच! लहानपणी रेशनच्या दुकानात कॅन घेऊन ज्याच्यासाठी उभे राहायचो तेच, फक्त इथे ते हीटिंग ऑइलपेक्षा महाग असतं.

२. वर्षाला किती जळतं ते काढा

जुनी बिलं मिळाली तर गॅलनची बेरीज करा, झालं. मिळाली नाहीत तर ‘डिग्री डे’ समजून घ्या, कारण तेलवालेही याच हिशेबावर ट्रक पाठवतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, सरासरी काढा आणि ती ६५ मधून वजा करा. कमाल ३५, किमान १५ असेल तर सरासरी २५, म्हणजे त्या दिवसाचे ४० डिग्री डे.

आता दोनदा टाकी पूर्ण भरून घ्या. दोन्ही भरण्यांच्या मधले डिग्री डे मोजले १०५० आणि दुसऱ्यांदा १४० गॅलन मावलं, तर १०५० भागिले १४० म्हणजे ७.५. हा तुमच्या घराचा आकडा; तेलवाले त्याला ‘के फॅक्टर’ म्हणतात. ४० डिग्री डेच्या दिवशी तुमचं घर ४० भागिले ७.५, म्हणजे सव्वापाच गॅलनच्या वर तेल पितं. हार्टफर्डला वर्षाकाठी ६००० च्या आसपास डिग्री डे होतात, म्हणजे वर्षाला साधारण ८०० गॅलन. आंघोळीचं पाणीही त्याच बॉयलरवर तापत असेल तर उन्हाळ्यातही थोडं जळत राहतं, ते वेगळं धरा.

हा ८०० चा आकडा हातात नसेल तर पुढची सगळी तुलना हवेत आहे.

३. तेलवाल्यांच्या दोन जाती

पहिली जात ‘सीओडी’ (कॅश ऑन डिलिव्हरी). तुम्ही फोन करायचा, तो तेल टाकणार, पैसे घेणार आणि विषय संपला. बॉयलर बंद पडला तर त्याचा संबंध नाही. दुसरी जात ‘फुल सर्व्हिस’. तो तुमचे डिग्री डे मोजून न सांगता ट्रक पाठवतो, वर्षाला ट्यून-अप करतो आणि रात्री दोनला फोन उचलतो. त्याचा भाव गॅलनमागे जास्त असतो.

समजा, पहिल्याचा भाव ३.३० डॉलर आणि दुसऱ्याचा ३.७०. फरक ४० सेंटचा. ८०० गॅलनला वर्षाचे ३२० डॉलर झाले. आता स्वस्तवाल्याच्या बाजूला बाहेरच्या मेकॅनिककडून करून घ्यायचा ट्यून-अप मांडा, एखादी रात्रीची फेरी मांडा. दोन्ही पारडी बरीच जवळ येतात. तुमचं घर नीट इन्सुलेट केलेलं असेल आणि वर्षाला ४०० गॅलनच जळत असेल, तर फरक १६० डॉलरवर येतो आणि मग मी डोळे झाकून दुसरी जात घेईन. उलट, १२०० गॅलन जळणारं मोठं घर असेल, तळघरात उतरून काटा पाहायची शिस्त असेल आणि ओळखीचा चांगला मेकॅनिक असेल, तर सीओडी परवडतं.

माझ्याकडे पहिल्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. जानेवारीत गुरुवारी काटा एक अष्टमांशावर आला तेव्हा फोन केला. ‘सोमवारी येतो,’ म्हणाले. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. शनिवारी रात्री अकराला रेडिएटर गार पडले. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. शेजारच्या आजोबांनी गॅरेजमधून पाच-पाच गॅलनचे दोन पिवळे कॅन काढून दिले आणि म्हणाले, पेट्रोल पंपावर जा, डिझेल आण. हीटिंग ऑइल आणि डिझेल ही सख्खी भावंडं आहेत. रस्त्याचा कर भरलेला नसतो म्हणून घरच्या तेलात लाल रंग घालतात, मोठा फरक तेवढाच. दहा गॅलन टाकून पाहिलं तरी बॉयलर सुरू होईना, कारण नळीत हवा शिरलेली. रविवारी सकाळी एक मेकॅनिक आला. त्याने पंपावरचा छोटा स्क्रू सैल केला, त्याला प्लास्टिकची नळी लावली आणि तिचं टोक कॉफीच्या रिकाम्या डब्यात सोडलं. आधी नुसता फेस आला, मग फुरफुरत थुंकल्यासारखं, आणि शेवटी फिकट गुलाबी अखंड धार लागली. टाकीच्या तळाचं लाल तेल आणि पंपावरचं बिनरंगी डिझेल मिसळून तो रंग आलेला. रविवारची फेरी धरून त्याने जे बिल लावलं, त्यात तेलावर वाचवलेले वर्षभराचे पैसे निघून गेले.

तिसराही एक मार्ग आहे: सभासदांच्या वतीने घासाघीस करून भाव ठरवणारे ऑइल को-ऑप. वर्षाची छोटी वर्गणी असते. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला सहकाराचे फायदे-तोटे समजावून सांगायला नकोत. तेल कोणता डीलर टाकणार आणि सर्व्हिस कोण देणार एवढं विचारून घ्या.

४. भाव विचारताना

एकाच दिवशी, एकाच तासाभरात चार-पाच जणांना फोन करा. तेलाचा भाव रोज हलतो. सोमवारचा एकाचा भाव आणि गुरुवारचा दुसऱ्याचा भाव यांची तुलना करण्यात अर्थ नाही. सगळ्यांना तेच वाक्य: ‘आज १५० गॅलन टाकायचे असतील तर सगळं धरून किती?’ मग एकेक खोदून विचारा.

- हा भाव रोख किंवा चेकचा आहे की कार्डचा? (गॅलनमागे पाच-दहा सेंटचा फरक सहज निघतो.)
- कमीत कमी किती घ्यावं लागतं? बऱ्याच ठिकाणी १०० गॅलन. १५० किंवा २०० च्या वर भाव उतरतो का?
- डिलिव्हरीचं वेगळं शुल्क, इंधन अधिभार असं काही बिलात येतं का?
- आज ऑर्डर दिली तर ट्रक किती दिवसांत? फेब्रुवारीत हिमवादळ आलं तर किती दिवसांत?
- तेल संपून बॉयलर बंद पडला तर माणूस पाठवता का, आणि त्याचे किती?

चौथ्या प्रश्नाला जो ‘तसं सांगता येत नाही’ म्हणतो, त्याच्यावर मी हिवाळ्यात विसंबणार नाही. भाव उत्तम असेल तर ऑगस्टमध्ये घेईन.

नव्या गिऱ्हाइकासाठीच्या खास भावापासून सावध राहा. पहिली डिलिव्हरी ३.१५, दुसरीला काही न सांगता ३.८५. म्हणून ‘तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला आज काय भाव आहे?’ हेही विचाराच. प्रश्न थोडा आगाऊ वाटतो, पण उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा सूर जास्त सांगून जातो.

सांगितलेला भाव वाजवी आहे का, हे पाहायलाही दोन सोपे मार्ग आहेत. ऑक्टोबर ते मार्च अमेरिकेचं ऊर्जा माहिती खातं दर आठवड्याला घरगुती हीटिंग ऑइलचे राज्यवार सरासरी भाव छापतं. दुसरा मार्ग न्यूयॉर्क हार्बरचा वायदा भाव, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव. बाजारभावाच्या कुठल्याही साइटवर तो ‘एचओ’ या चिन्हाखाली दिसतो. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात हीटिंग ऑइलचे वायदे सुरू झाले. २०१३ पासून सौदा अल्ट्रा लो सल्फर (अगदी कमी गंधकाच्या) डिझेलचा होतो, चिन्ह मात्र जुनंच राहिलं. त्या भावात आणि तुमच्या तेलवाल्याच्या भावात किती अंतर आहे ते वहीत लिहीत जा. वायदा चढला की दुसऱ्या दिवशी भाव चढवणारा आणि उतरला की तीन आठवडे गप्प बसणारा तेलवाला या वहीत बरोबर सापडतो.

५. तेलाचा दर्जा: काळजी कुठे करायची, कुठे नाही

‘आमचं तेल प्रीमियम आहे’ असं ऐकलं की मी पुढचं वाक्य सोडून देतो. कनेक्टिकटमध्ये तेल जहाजाने येतं ते बहुतांशी न्यू हेवन बंदरात, आणि वेगवेगळ्या पाट्या लावलेले ट्रक तिथल्याच टर्मिनलांवर भरतात. १ जुलै २०१८ पासून राज्यात घरगुती तेलात गंधक १५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १५ भाग) जास्त असता कामा नये असा नियम आहे. त्याआधी घरोघरी याच्या कितीतरी पट गंधकाचं तेल जळायचं आणि बॉयलरच्या आत पिवळट-तपकिरी पापुद्रे धरायचे. जुने मेकॅनिक अजून त्या काळाच्या गोष्टी सांगतात.

विचारण्यासारखा प्रश्न बायोडिझेलचा. सोयाबीन तेल किंवा तळणाचं वापरलेलं तेल यांपासून ते बनवतात आणि हीटिंग ऑइलमध्ये मिसळतात. कनेक्टिकटमध्ये २०२२ पासून किमान ५ टक्के मिश्रण सक्तीचं झालं आणि हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. थोड्या मिश्रणाने बॉयलरचं काही बिघडत नाही. पण एखादा तेलवाला २० टक्के किंवा त्याहून जास्त देत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, त्यामुळे पहिल्या वर्षी फिल्टर लवकर भरतो. आणि शुद्ध बायोडिझेल थंडीत साध्या तेलाच्या आधी गोठतं, त्यामुळे बाहेरची टाकी असेल तर जास्त जपायला हवं.

खरी घाण बहुतेक वेळा आपल्याच टाकीत असते. आतल्या भिंतींवर दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि लोखंड आतून गंजतं. ट्यून-अपला आलेल्या माणसाला जुना फिल्टर दाखवायला सांगा. लालसर, थोडा काळपट असेल तर ठीक. चिखलासारखा असेल, तळाशी पाण्याचे थेंब असतील, तर तेलवाला बदलून काही होणार नाही. टाकीच तपासून घ्या.

याच कारणाने टाकी भरली जात असताना बॉयलर बंद ठेवा आणि नंतर अर्धा तास थांबा. जोरात पडणाऱ्या तेलाने तळाचा गाळ वर येतो.

६. फिक्स्ड, कॅप आणि प्री-बाय

उन्हाळ्यात पत्रं येऊ लागतात. फिक्स्ड म्हणजे वर्षभर एकच भाव. कॅप म्हणजे वरची मर्यादा ठरलेली, बाजार पडला तर तुमचाही भाव पडणार. याची वेगळी फी असते. प्री-बाय म्हणजे सगळे पैसे आधी.

२०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, इथे गॅलनचा भाव पाच डॉलरच्या वर गेला. त्या वसंतात घाबरून जे वर्षभरासाठी फिक्स्डमध्ये बांधले गेले ते पुढे भाव उतरले तेव्हा आगीतून फुफाट्यात पडले. ज्यांच्याकडे आदल्या उन्हाळ्यातला कॅप होता ते निवांत होते. बाजार मला कळत नाही आणि तुम्हालाही बहुधा कळत नसेल. ज्याला महिन्याचा खर्च बांधून हवा त्याने कॅप घ्यावा आणि त्याची फी विम्याचा हप्ता समजावी.

कनेक्टिकटचा कायदा इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने बराच कडक आहे. हमीभावाचा करार लेखी हवा, आणि त्या करारांपोटी लागणाऱ्या तेलापैकी निदान ८० टक्के तेलाची सोय डीलरने वायद्यांतून आधी करून ठेवायला हवी, नाहीतर हमीचा बॉण्ड द्यायला हवा. शिवाय प्रत्येक डीलरची ग्राहक संरक्षण खात्याकडे नोंदणी असते आणि त्याचा ‘एचओडी’ने सुरू होणारा क्रमांक बिलावर, जाहिरातीवर असतो. तो क्रमांक राज्याच्या साइटवर टाकून पाहायला एक मिनिट लागतं. प्री-बायचे हजारो डॉलर देण्याआधी ते मिनिट काढा.

करारात मध्येच सोडण्याचा दंड शोधा. तो सहसा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. ठरलेलं किमान तेल न उचलल्याचा दंडही तिथेच. हिवाळा सौम्य गेला की तो अंगावर येतो.

७. ट्रक आला: मापात पाप नको

घराबाहेर दोन पाइप असतात, एक भरण्याचा आणि एक हवेचा. तेल भरताना हवा बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजतेय तोवर टाकीत जागा आहे, थांबली की भरली. शिट्टी ऐकू येत नसेल तर चांगला ड्रायव्हर भरतच नाही. बाहेर असा पाइप असेल आणि आत टाकीच नसेल, म्हणजे जुनी टाकी काढताना पाइप तसाच राहिला असेल, तर तो आजच काढून टाका. चुकून त्यात तेल ओतलं गेलं तर तळघरात तेलाचं तळं होतं, आणि तो वास वर्षानुवर्षं जात नाही.

मी ट्रक यायच्या आधी काट्याचा फोटो काढतो, नंतर एक. मीटरचं छापील तिकीट घेतो. त्यावर सुरुवात शून्यावर हवी, शेवटचा आकडा बिलाशी जुळायला हवा. काटा अर्ध्यावर होता आणि तिकीट १९० गॅलन म्हणतंय तर ते २७५ च्या टाकीत मावणारच नाही. अशा वेळी न भांडता दोन्ही फोटो पाठवायचे. माझ्यावर ही वेळ एकदाच आली. ‘शेजारच्या घराचं तिकीट चुकून तुम्हाला लागलं’ असं उत्तर आलं आणि नवं बिल आलं, १२१ गॅलनचं.

बर्फ पडलं असेल तर पाइपापर्यंतची वाट फावड्याने मोकळी करा. वाट नसेल तर ड्रायव्हर परत जातो, आणि पुढची पाळी चार दिवसांनी.

८. तेल संपलंच तर

बॉयलरवरचं लाल रीसेट बटण एकदाच दाबा. पुन्हा-पुन्हा दाबलं तर न जळलेलं तेल आत साचत जातं आणि पेटतं तेव्हा भडका उडतो. पंपावरचं डिझेल चालतं, पेट्रोल कदापि नाही. पिवळा कॅन डिझेलचा, लाल पेट्रोलचा, निळा रॉकेलचा, हा रंगांचा नियम इथे सगळे पाळतात, तुम्हीही पाळा.

९. तेलवाला बदलताना

टाकी तुमच्या मालकीची आहे ना, हे आधी पाहा. तेलाची टाकी बहुधा घरमालकाचीच असते, पण क्वचित भाड्याची निघते. मग जुन्याला ईमेल करून स्वयंचलित डिलिव्हरी बंद केल्याचं लेखी उत्तर घ्या. फोनवर ‘हो, हो, केलं बंद’ म्हणतात आणि तीन आठवड्यांनी अंगणात ट्रक उभा असतो. माझ्या एका मित्राकडे नव्या तेलवाल्याने सोमवारी टाकी भरली आणि मंगळवारी जुन्याचा माणूस उरलेल्या जागेत अठरा गॅलन कोंबून बिल दाराला अडकवून गेला.

आत्ताच घर घेत असाल तर आणखी एक: कागद होताना टाकीत उरलेल्या तेलाचे पैसे विकणाऱ्याला देण्याची इथे पद्धत आहे. म्हणून शेवटच्या पाहणीला जाल तेव्हा तळघरात उतरा, काट्यावर टिचकी मारा आणि फोटो काढून वकिलाला पाठवा.